नाव उतरवायचं राहिलं

१

हट्टा गावच्या सोनाजीला रोज कुणाची तरी नक्कल केल्याशिवाय भाकरी गोड लागत नसे. रानातून घरी आला की सरळ आत शिरणं त्याला माहीतच नव्हतं. दाराबाहेर उभा राहायचा आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजात खाकरायचा. आज माणिकराव पाटील, उद्या पलीकडच्या आळीतला संतराम, परवा वसमतहून येणारा तेलाचा फिरस्ता. पाटलांचा आवाज काढायचा म्हणजे आधी नाकातून दोनदा हवा सोडायची आणि मग, सगळं गाव आपल्याच बापानं वसवलंय अशा थाटात विचारायचं, “सोनाजी हाय का घरात?”

रुख्मिणीबाई चुलीपुढून मान वर न करता म्हणायची, “हे घरात न्हाईत, पाटील. गाव जाळाया गेलेत.”

“आलं की चावडीवर लावून द्या.”

“देते की. येताना शेपूट इझवून या म्हणते.”

हे बराच वेळ चालायचं. भाकरी गार व्हायची, शेजारणी भिंतीपलीकडून हसायच्या. मग ती म्हणायची, “लई झालं आता. पाय धुवा.” की खेळ संपला. लग्नाला वीसेक वर्षं झाली होती, लेकरू नव्हतं, सासूसासरे कधीच गेले होते. त्या घराची वस्ती म्हणजे दोन माणसं, आणि सोनाजीच्या तोंडातून निघणारं उरलेलं गाव.

पण रुख्मिणीबाई एकदाही फसली नव्हती. “कसं वळखतीस गं?” असं विचारलं तर कधी म्हणायची, तुमचे पाय वाजतात. कधी म्हणायची, वास येतो. खरं काय ते तिलाच ठाऊक. बायका असली गोष्ट नवऱ्याला सांगत नसतात, तुमच्या घरीही विचारून बघा.

सोनाजीची शाळा चौथीत सुटली. मास्तरांनी सोडवली म्हणणं जास्त खरं. मास्तर पाठमोरे झाले की हा मास्तर होऊन वर्ग शिकवायचा, आणि पोरं त्याचंच ऐकायची.

२

निजामाचा अंमल, त्यात लढाईचे दिवस. गावात कुणी साहेब उतरला की वेठ आलीच. त्याची पेटी उचला, घोड्याला गवत घाला, पाणी भरा. पाटील चावडीवर नावं पुकारायचा आणि नावाच्या धन्यानं ‘हाजिर’ म्हणायचं. धनी रानात असला, तापात असला, किंवा नुसताच शहाणा असला, तर घरातला नाहीतर शेजारचा कुणी त्याच्या नावाला हाजिर म्हणायचा. सरकारला माणूस मिळाल्याशी मतलब. तो कुणाच्या पोटचा, हे सरकारनं कधी विचारलं नाही.

पण गावानं त्याला आपली एक रीत लावली होती. ज्याच्या नावाला तू हाजिर म्हटलास, साहेबाचं बिऱ्हाड शिवेबाहेर जाईपर्यंत तेच तुझं नाव. सख्ख्या भावानंही त्याच नावानं हाक मारायची, म्हणजे साहेबाच्या कानावर भलतं काही जायला नको. साहेब गेला की पाटील चावडीच्या पायरीवर पाण्याचा तांब्या घेऊन उभा राहायचा, ज्याला त्याला त्याच्या खऱ्या नावानं बोलवायचा, आणि माणूस ओंजळीनं पाणी प्यायचा. ह्याला ‘नाव उतरवणं’ म्हणत. नाही उतरवलं तर काय होतं, असं कुणाला विचारलं तर तो हसायचा. पण ते पाणी न पिता कुणी घरी गेलाय असंही कधी झालं नव्हतं.

त्या साली सुगीच्या आधी जो साहेब आला तो भलताच निघाला. हिंगोलीच्या कापूस-व्यापाऱ्याचा पोरगा, नाव पुनमचंद. हैदराबादेला शिकला होता. अंगानं काटकुळा, डोळ्यांवर चष्मा, बरोबर एक मोठी लाकडी पेटी. ती पेटी तांड्यावरच्या रूपसिंगच्या गाडीतून आली आणि चावडीच्या मागच्या खोलीत ठेवली गेली.

“हे पुनमचंदजी,” माणिकराव पाटलांनी सांगितलं. “हे मानसाची अक्कल मोजतात. आन सभाव बी.”

“पाटील, तुमची पाळी आली की पेटी उघडू नका म्हणावं,” सोनाजी म्हणाला. “बिचाऱ्याला उगा तकलीफ.”

लोक हसले, पण पेटीकडं बघत बघत. कारण दुपारपर्यंत गावभर झालं होतं की जे शहाणे निघतील त्यांना पलटणीत धाडणार. मग हजर राहायला कोण तयार होतो? ज्याला त्याला अचानक कामं आठवली. संतरामची म्हैस त्या दिवशी तीन वेळा व्यायली.

३

शेवटी सोनाजीच आधी बसला. एक तर त्याला खुर्चीत बसायची हौस, आणि दुसरं म्हणजे ओट्याकडच्या खिडकीत सगळं गाव तोंडं घालून उभं होतं. एवढे बघणारे आयते मिळाल्यावर सोनाजी कशाला सोडतो?

खोली अरुंद. एक खिडकी पुढच्या ओट्यावर, एक दार मागच्या बोळात. मधे टेबल. पुनमचंदच्या हातात खटक्याचं घड्याळ होतं. काम सुरू झालं की तो खटका दाबायचा, टक्. संपलं की पुन्हा, टक्. माणसाच्या तोंडाकडं तो बघायचाच नाही. त्याचे डोळे घड्याळावर आणि कागदावर.

आधी एक फळी आली. तिच्यात गोल, चौकोनी, चांदणीच्या आकाराच्या खाचा, आणि त्यात बसवायचे तसेच लाकडी तुकडे. सोनाजीनं चांदणी उचलली आणि गोल खाचेत घालायला लागला. “जरा पोट आत घे, बाई,” तो चांदणीला म्हणाला. “सासर हाय हे. असंच ऱ्हावं लागतं.” खिडकी हसून हसून कोलमडली. मग शाईच्या डागांचे कागद आले. ह्यात काय दिसतं? “आमचे पाटील. पावसात भिजलेले.” आणि ह्यात? “त्यांला हुडकणाऱ्या पाटलीणबाई.”

पुनमचंद प्रत्येक शब्द लिहून घेत होता. ओठ जरासुद्धा हलला नाही.

“आता शेवटचं. तुम्ही स्वतः कसे आहात, ते सांगा.”

सोनाजीनं इकडंतिकडं बघितलं. “कोण, सोनाजी? त्यो भाईर गेलाय, साहेब. आला की सांगतो तुमाला.”

टक्.

तो बाहेर आला आणि लोकांची भीड चेपली. एकेक जण आत जाऊन आला. संतराम बसला. शेवटी दोर वळणारा ग्यानबा बसला, तेव्हा तमाशा संपला म्हणून खिडकीवर चिटपाखरूही उरलं नव्हतं. ग्यानबा म्हणजे मुलखाचा अबोल माणूस. सोनाजीला गावात एकाच माणसाची नक्कल येत नव्हती ती ह्याची, कारण नक्कल करायला तो बोलायला तर पाहिजे. डाव्या हातानं घायपाताचा दोर वळत बसायचा, एवढीच त्याची खूण.

जाताना पुनमचंदनं पाटलांना बजावलं, “दिवाळीनंतर मी पुन्हा येणार. हीच माणसं पाहिजेत. हेच प्रश्न विचारणार.”

“तेच ते पुन्यांदा काहून?” सोनाजीनं विचारलं.

“आमच्या घरी कापसाचा काटा आहे. काटा भरवशाचा कधी म्हणायचा? तेच ओझं आज ठेवा, उद्या ठेवा, वजन बराबर तेच आलं पाहिजे. मी तुम्हाला नाही तपासत, माझ्या पेटीला तपासतो.”

“आन कापूस मधी भिजला तर?”

गावात कापूस भिजवूनच विकायची पद्धत होती, त्यामुळं सगळे दुसरीकडं बघायला लागले. पुनमचंदनं मात्र पहिल्यांदाच कागदावरून डोळे काढले. “माणूस भिजत नाही,” तो म्हणाला.

४

दिवाळीच्या आत ग्यानबा हिवतापानं गेला. जाताना सारखा पाणी मागत होता म्हणे. त्याची बायको आशाबाई घरात एकटी उरली.

दिवाळी झाली आणि रूपसिंगची गाडी पुन्हा चावडीपुढं लागली. गावाला आता पलटणीची भीती उरली नव्हती, पण कापूस वेचणीला आला होता. पाटलांनी नावं पुकारली. “संतराम.” संतराम कळमनुरीच्या बाजाराला गेलेला. सोनाजी ओट्यावर बसला होता. त्यानं खालचा ओठ लोंबता सोडला, खांदे पाडले आणि संतरामच्या आवाजात “ह..हाजिर” केलं. लोक पोट धरून हसले.

“ग्यानबा,” पाटलांनी पुकारलं आणि मग जीभ चावली. नाव कमी करायचं राहून गेलं होतं.

बायकांच्या बाजूला आशाबाई उभी होती. हाक आली म्हणजे घरातून कुणीतरी पाठवावंच लागतं, एवढंच तिला माहीत. ती पुढं येऊन हळूच म्हणाली, “पाटील, आमच्या घरात मानूसच न्हाई आता.”

पाटलांना घाम आला. साहेबाला मेल्याची खबर दिली नव्हती. तो आता दहा गोष्टी विचारणार.

“मी हाय की,” सोनाजी म्हणाला. “आज एका भाड्यात दोन.”

“नगा भावजी,” आशाबाई म्हणाली. “गेलेल्या मानसाच्या नावाला हाजिर म्हनू नगा. त्याचं उतरवायचं कसं?”

हा प्रश्न बराबर होता. पण बराबर प्रश्नाला सोनाजीकडं नेहमी चेष्टाच असायची. “पाटील, तांब्या मोठा आणा,” तो म्हणाला. “एक संतरामचा, एक ग्यानबाचा. पानी पिऊन पोट फुगंल माझं.”

“समदं सांजच्याला एकदम उतरवू,” पाटील घाईनं म्हणाले.

“हाजिर,” सोनाजी म्हणाला. कुणाचा आवाज काढायचा हे कळेना म्हणून नुसताच म्हणाला. ह्या खेपेला फारसं कुणी हसलं नाही.

५

संतराम होऊन तो बसला आणि मजेत उठला. चुकायचं तिथं चुकला, अडखळायचं तिथं अडखळला. पुनमचंदनं मागचे कागद काढून शेजारी धरले आणि समाधानानं मान हलवली. “बराबर जुळतं.” सोनाजीला बाहेर येऊन कधी एकदा हे सांगतो असं झालं. संतराम कुणालाही होता येतं, त्याला अक्कल लागत नाही. तेवढ्यासाठी हैदराबादेला कशाला जायचं?

मग डोक्याचं फडकं सोडून पुन्हा वेगळं बांधलं आणि ग्यानबा म्हणून आत गेला.

खिडकीत गर्दी होती, पण आवाज नव्हता. फळी पुढं आली. टक्. सोनाजीनं ठरवलं होतं की चांदणीशी पुन्हा लाडीगोडी करायची. तो तोंड उघडणार इतक्यात चांदणी तिच्या खाचेत जाऊन बसलीसुद्धा. मागोमाग गोल, मागोमाग चौकोन. हात आपोआप चालला होता, दोर वळल्यासारखा, न थांबता. सगळे तुकडे बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की उजवा हात मांडीवर पडलेला आहे.

बरं, असू दे, तो मनात म्हणाला. ग्यानबा डावरा होता, मला ठाऊक होतं, म्हणून झालं. कलावंत मानूस हाय मी.

शाईचा पहिला डाग पुढं आला. त्यात त्याला सरळसरळ पाटील दिसत होते. “पाणी,” तो म्हणाला.

दुसरा डाग. “पाणी.”

तिसऱ्याला त्यानं दात आवळून धरले. गप्प राहायचं म्हणून नेटानं गप्प राहिला. घशात काहीतरी कोरडं, काथ्यासारखं, वर सरकत होतं. पुनमचंद वाट बघत थांबला. घड्याळ त्याच्या मुठीत किरकिरत होतं. “पाणी,” सोनाजी म्हणाला, आणि आवाज त्याच्या ओळखीचा नव्हता. मऊ, खालच्या पट्टीतला, फार दिवस न वापरलेला.

“आता शेवटचं. तुम्ही स्वतः कसे आहात?”

“तहानलेला हाय जी.”

टक्. पुनमचंदनं मागचे कागद शेजारी धरले. त्याचा चेहरा उजळला. एवढ्या दिवसांत हसताना तो पहिल्यांदाच दिसला. “वा,” तो म्हणाला. “शब्दाला शब्द. मागच्या वेळीही प्रत्येक डागाला पाणीच. शेवटचं उत्तरही हेच. असं जुळलेलं मी आजवर पाहिलं नाही.”

सोनाजी बसूनच राहिला. ग्यानबा बसला त्या दिवशी खिडकीवर कुणी नव्हतं. ग्यानबानं काय सांगितलं ते ग्यानबा, हा साहेब आणि ती पेटी सोडून कुणालाही माहीत नव्हतं.

“पाणी मिळंल का?” त्यानं विचारलं. पण साहेब लिहिण्यात दंग होता.

६

बाहेर लगेच पुकारा झाला. “सोनाजी.”

तो उठलाच नव्हता, त्यामुळं तिथंच म्हणाला, “हाजिर.”

पुनमचंदनं मान वर केली, चष्मा सारखा केला आणि ह्या खेपेला त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. “तुमचं झालं ना, ग्यानबा? आता दुसऱ्याला येऊ द्या.”

“मीच सोनाजी हाय साहेब. मघाशी जरा गंमत केली.”

“असं? बरं, करा.” त्यानं फळी पुढं सरकवली. टक्.

सोनाजीनं मुद्दाम उजव्या हातानं चांदणी उचलली. मागच्या वेळी काय केलं होतं? चांदणीला काहीतरी म्हटलं होतं. लोक हसले होते एवढं आठवत होतं, पण शब्द? घडी घडीला जे तोंडाला येईल ते बोलणारा माणूस. आपण काय बोललो ते त्यानं कधी ध्यानात ठेवलं होतं? डाग पुढं आले. पाटील म्हणालो होतो का मास्तर? तो अंदाजानं काहीबाही सांगत गेला. खिडकीतलं कुणीही हसलं नाही. आपल्याच चेष्टा आपल्याच तोंडात शिळ्या लागत होत्या.

“तुम्ही स्वतः कसे आहात?”

त्यानं पुष्कळ विचार केला. खोटं बोलायला नको म्हणून केला. पण संतराम कसा, पाटील कसे, हे पाहिजे तेवढं सांगता आलं असतं. ह्याचं काही सापडेना.

“बराच हाय की,” तो शेवटी म्हणाला.

टक्. पुनमचंदनं कागद जुळवले आणि मान हलवली. “नाही. काहीच जुळत नाही. तुम्ही सोनाजी नाही.”

“साहेब, काटा बिघडला तुमचा.”

“संतराम जुळला. ग्यानबा तर शब्दाला शब्द जुळला. मग काटा एकट्या तुमच्यापुरता कसा बिघडेल?” त्यानं खिडकीकडं बघून विचारलं, “पाटील, हा माणूस कोण?”

सोनाजीनं हसून पाटलांकडं बघितलं. पाटलांनी नाकातून दोनदा हवा सोडली. साहेब अजून शिवेच्या आत होता. रीत ती रीत.

“ह्यो ग्यानबा, साहेब,” पाटील म्हणाले. “जरा थट्टेखोर हाय.”

“खऱ्या सोनाजीला पाठवा,” पुनमचंद म्हणाला.

सोनाजी मागच्या दारानं बोळात आला. पहिल्यांदा त्याला हसूच आलं. गावानं आज आपल्यालाच धरलं, तो म्हणाला. इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली त्यांनी मिळून फेड केली, शाबास. त्याला थोडा अभिमानसुद्धा वाटला. फक्त घसा फार कोरडा पडला होता, आणि डाव्या तळहाताला काथ्याच्या कुसासारखं काही टोचत होतं.

तेवढ्यात आतून आवाज आला. “हाजिर, साहेब. गर्दी लई, वाट गावंना. समदं गाव मलाच बघाया आलंय जनू.”

आणि खिडकी हसून कोलमडली.

सोनाजीनं मागचं दार ढकललं. आतून कडी होती. त्यानं कान लावला. टक्. मग लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज. मग, “जरा पोट आत घे, बाई. सासर हाय हे. असंच ऱ्हावं लागतं.”

हेच ते शब्द. आता ऐकल्यावर त्याला आठवले.

७

संतराम असेल, पळत पुढच्या अंगाला येताना तो स्वतःला समजावत होता. संतराम बाजारातून लवकर आला आणि त्याला ह्यांनी पढवलं. पण संतरामला स्वतःचं नाव अडखळल्याशिवाय सांगता येत नाही, तो हे सगळं एका दमात कसं म्हणेल? मग दुसरा कुणी. कोण? नकला करणारा गावात एकच होता.

खिडकीवर पाठीच पाठी होत्या. त्यानं एकाला ओढलं, दुसऱ्याला ढकललं. “थांब ना ग्यानबा,” कुणीतरी वळून न बघता म्हणालं. “सोनाजी रंगात आलाय.”

गाडीपाशी रूपसिंग बैलांना पाणी दाखवत होता. हा तांड्यावरचा माणूस, गावाच्या रितीशी ह्याचा काही संबंध नाही. सोनाजीनं त्याचा दंड धरला.

“रूपसिंग, खरं सांग. मी कोण?”

“मला काहून इचारता दादा?” रूपसिंग म्हणाला. “तुमच्या गावात साहेब आला की जो तो दुसराच असतो. तांड्यावर आमी हसून राहतो तुमाला.” मग त्यानं खिडकीकडं मान उडवली. “पर आतला सोनाजी हाय एवढं नक्की. आवाज वळखतो मी त्याचा.”

आतून शेवटचं ऐकू आलं. “कोण, सोनाजी? त्यो भाईर गेलाय, साहेब. आला की सांगतो तुमाला.”

टक्. आणि पुनमचंदचा खूष झालेला आवाज, “बराबर. शब्दाला शब्द.”

सोनाजीनं बैलांच्या बादलीकडं बघितलं. ओठ लावावेत इतकी तहान लागली होती. पण नाव उतरवायचं पाणी पाटलांच्या हातचंच, आणि ते आधी प्यायचं, असं त्यानं मनाशी धरलं. तेवढं झालं की संपलं.

पेटी गाडीत चढली. गाडी धूळ उडवत वसमतच्या वाटेनं शिवेकडं गेली. पाटील तांब्या घेऊन पायरीवर आले. लोकांचा गराडा पडला आणि सोनाजी मागं राहिला. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, “पाटील, मी हिकडं हाय,” पण आवाज निघाला तो मऊ, खालचा. पुढच्या माणसाला ऐकू गेला असेल नसेल.

“सोनाजी,” पाटलांनी हाक मारली.

मुंडाशांच्या मधून त्याला दोन हातांची ओंजळ तेवढी वर आलेली दिसली. तांब्या वाकडा झाला. पाणी पडल्याचा आवाज आला, आणि मग कुणीतरी घटाघटा प्यालं.

“संतराम,” पाटील म्हणाले, आणि लगेच, “त्यो बाजारातच हाय अजून. झालं तर मग.” उरलेलं पाणी त्यांनी पायरीवर ओतून दिलं. दगडानं ते पिऊन टाकलं.

८

गावानं किती का थट्टा करीना, घरी एक माणूस असं होतं जे कधी फसलं नव्हतं.

उन्हं कलली होती. दार नेहमीसारखं अर्धं लोटलेलं. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सोनाजी उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आज कुणाचा आवाज काढायचा नाही, आपलाच काढायचा, असं ठरवून त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला कळेना की तो कसा असतो. ह्या दारात तो वीस वर्षं उभा राहिला होता, पण स्वतःच्या आवाजात एकदासुद्धा नाही. तिनं तरी तो कुठं ऐकला होता?

“मी हाय,” तो म्हणाला.

भाकरीचा आवाज थांबला. “कोन?”

“मी.”

आत बांगड्या किणकिणल्या. मग रुख्मिणीबाईचा आवाज आला, अगदी साधा, परक्या माणसाशी पदर सारखा करून बोलावं तसा. “हे आतच हायेत भावजी. जेवून राहिलेत. काही काम व्हतं का?”

सोनाजी वाट बघत राहिला. ती आता हसेल. आता ‘लई झालं’ म्हणेल. खेळच आहे हा, फक्त आज सुरुवात तिनं केली.

आतून नाकानं दोनदा हवा सोडल्याचा आवाज आला, आणि पाटलांच्या थाटात कुणीतरी विचारलं, “सोनाजी हाय का घरात?”

रुख्मिणीबाई हसली. वीस वर्षांचं ओळखीचं हसू. “लई झालं आता,” ती आतल्याला म्हणाली. “जेवा.”

दाराच्या फटीतून चुलीचा उजेड येत होता. त्यात एक पाठ दिसत होती, ताटावर वाकलेली. मानेवर घामाची रेघ, खांद्यावर उसवलेली बाराबंदी. सोनाजी डोळे ताणून बघत राहिला. ती आपली आहे का? सगळ्या गावाच्या पाठी त्याला पाठ होत्या. चालीवरून, पोकावरून तो अंधारातही माणूस सांगायचा. पण स्वतःची पाठ कुणी बघितलेली असते? पाठीचा मालक भाकरी मोडायला जरा वळला, कान आणि गालाचा कडेचा भाग दिसतोय न दिसतोय तोच सोनाजीनं डोळे मिटून घेतले. का मिटले, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

उघडले तेव्हा तो बोळाच्या तोंडाशी आला होता. तिथं आशाबाई उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता. ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. बाजाराहून उशिरा येणाऱ्या घरच्या माणसाची वाट बघावी तशी उभी होती.

“मी म्हनलं व्हतं,” ती म्हणाली. “किती येळ भाईर फिरणार? तहान लागली असंल.”

तहान तर लागलीच होती. तांब्याच्या काठावर पाणी हलत होतं, त्यात उजेडाचा तुकडा हलत होता. हे पाणी नाव उतरवायचं नव्हे, एवढं त्याला पक्कं माहीत होतं.

त्यानं हात पुढं केला. कुठला केला, ते त्यानं बघितलं नाही.